इंदूरच्या पडद्यावर जपानी अ‍ॅनिमे चित्रपट: बेत आखण्यापासून श्रेयनामावलीपर्यंत

जपानी अ‍ॅनिमेशनपट, ज्यांना आता घरोघरची मुले सरळ अ‍ॅनिमे म्हणतात, इंदूरच्या मल्टिप्लेक्समध्ये येतात. पण ते हिंदी चित्रपटासारखे येत नाहीत. चाललेला हिंदी चित्रपट तीन-चार आठवडे कुठल्या ना कुठल्या पडद्यावर असतो, त्यामुळे ‘पाहू पुढच्या रविवारी’ म्हणून चालते. अ‍ॅनिमे शुक्रवारी लागतो, शहरातल्या मोजक्या पडद्यांवर दिवसाला थोडे खेळ मिळतात आणि पुढच्या शुक्रवारी त्यांतला एखादा उरला तर उरतो. शिवाय एकाच चित्रपटाच्या जपानी, इंग्रजी आणि हिंदी अशा वेगवेगळ्या आवृत्त्या एकाच वेळी चालू असतात, आणि घाईत तिकीट काढणाऱ्याला आपण कोणत्या भाषेच्या खेळाला बसलो आहोत हे पडदा उजळल्यावरच कळते. त्यामुळे चित्रपट नीट पाहायचा तर बहुतेक निर्णय घराबाहेर पडण्याआधीच घ्यावे लागतात. ते कोणत्या क्रमाने घ्यावेत, हे पुढे सांगितले आहे.

हा व्यवहार भारतात तसा नवाच आहे. माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात लागावा म्हणून चाहत्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवली आणि ऑक्टोबर २०१९मध्ये तो खरोखरच लागला, तेव्हा या प्रेक्षकवर्गाची वितरकांना पहिल्यांदा नीट दखल घ्यावी लागली. शिनकाई यांचाच ‘सुझुमे’ २१ एप्रिल २०२३ रोजी आला. ‘डीमन स्लेयर’ मालिकेचा ‘इन्फिनिटी कॅसल’ १२ सप्टेंबर २०२५ रोजी जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा पाच भाषांत प्रदर्शित झाला आणि काही शहरांत त्याचे खेळ पहाटेपासून लावावे लागले. या पाच भाषांत मराठी नाही. इंदूरच्या मराठी घरांना त्याचे फारसे अडत नाही, कारण रामबागेतल्या आजीलाही हिंदी मराठीइतकीच सवयीची असते. पण कोणासाठी कोणती भाषा निवडावी हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, आणि त्याकडे आपण येणारच आहोत.

आधी चित्रपटाचा प्रकार ओळखावा

अ‍ॅनिमेच्या बाबतीत ‘चांगला आहे का’ या प्रश्नाआधी ‘तो स्वतंत्र आहे का’ हा प्रश्न विचारावा. घरातल्या मुलाबरोबर सोबत म्हणून गेलेले आईवडील अडीच तास अंधारात कोण कोणाशी का लढते आहे हे न समजता बसून राहतात, याचे कारण बहुतेक वेळा हा प्रश्न विचारलेला नसतो.

पहिला प्रकार स्वतंत्र चित्रपटाचा. शिनकाई यांचे चित्रपट किंवा हायाओ मियाझाकी यांचा, २०२४मध्ये ऑस्कर मिळवलेला ‘द बॉय अँड द हेरॉन’ हे या गटातले. यांना कोणत्याही पूर्वतयारीची गरज नाही. अ‍ॅनिमे कधीच न पाहिलेल्या माणसाला पहिल्यांदा नेताना याच गटातून निवड करावी. त्यातही मियाझाकींचा हा चित्रपट बराच गूढ आहे, म्हणून सुरुवात शिनकाईंपासून झालेली बरी, असे माझे मत आहे. ‘रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा’ हाही याच गटातला म्हणायला हरकत नाही. युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन यांच्या दिग्दर्शनाखाली भारत आणि जपान यांच्या सहकार्याने तयार झालेला हा चित्रपट २४ जानेवारी २०२५ रोजी आपल्याकडे नव्याने प्रदर्शित झाला. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना एका रांगेत बसवू शकेल असा दुसरा अ‍ॅनिमे मला तरी चटकन सुचत नाही.

दुसरा प्रकार मालिकेच्या पुढच्या कथेचा, आणि गर्दी खेचणारे चित्रपट सध्या याच प्रकारचे असतात. ‘इन्फिनिटी कॅसल’चेच उदाहरण घेऊ. त्याच्या आधीची कथा मालिकेच्या पहिल्या पर्वाच्या २६ भागांत, मग ‘मुगेन ट्रेन’ या चित्रपटात आणि त्यानंतर अनुक्रमे ११, ११ आणि ८ भागांच्या तीन पर्वांत पसरलेली आहे. एक भाग साधारण २४ मिनिटांचा धरला तरी हे ५६ भाग पाहायला २२ तासांहून अधिक वेळ लागतो, आणि वर ‘मुगेन ट्रेन’चे दोन तास. एवढा वेळ नसेल तर निदान ‘मुगेन ट्रेन’ आणि शेवटचे आठ भाग पाहून जावे, कारण ‘मुगेन ट्रेन’मध्ये प्रथम समोर येणाऱ्या अकाझा या राक्षसाचा हिशेब या नव्या चित्रपटात पुढे चालतो. शिवाय ‘इन्फिनिटी कॅसल’ हा तीन चित्रपटांतला पहिला आहे. गोष्ट इथे संपत नाही, हे सोबतच्या मंडळींना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे बाहेर पडताना रागावणारे एक तोंड कमी होते. ‘चेनसॉ मॅन’च्या ‘रेझे आर्क’ या चित्रपटाची तयारी त्या मानाने सोपी आहे. त्याच्या आधीचे पर्व फक्त १२ भागांचे आहे. दोन-तीन संध्याकाळी ते आटोपते.

मालिकेशी नाते असूनही एकटे पाहता येतील असे चित्रपटही असतात. ‘जुजुत्सु कायसेन ०’ची कथा मुख्य मालिकेच्या आधी घडते आणि तिचा नायकही वेगळा आहे, त्यामुळे मालिका न पाहिलेला माणूस तिथे हरवत नाही.

तिसरा प्रकार फसवा आहे. मालिकेचे आधीच दाखवलेले शेवटचे भाग आणि येणाऱ्या पर्वाचा पहिला भाग एकत्र जोडून, मोठ्या पडद्यासाठी नीटनेटके करून चित्रपट म्हणून लावले जातात. ‘डीमन स्लेयर’चे ‘टू द स्वोर्डस्मिथ व्हिलेज’ हे असेच संकलन होते. पोस्टरवरून ते ओळखता येत नाही. ज्यांनी मालिका घरी पाहिलेली आहे त्यांना त्यात नवे असे थोडेच असते. केवळ मोठ्या पडद्याच्या आणि आवाजाच्या हौसेखातर जायचे असेल तरच तिकीट काढावे. चित्रपटाच्या माहितीत ‘एपिसोड’ हा शब्द दिसला की सावध व्हावे.

भाषा ठरवावी, मगच वेळ पाहावी

बुक माय शो, डिस्ट्रिक्ट किंवा पीव्हीआर आयनॉक्सचे स्वतःचे अ‍ॅप यांपैकी काहीही वापरले तरी चित्रपटाच्या नावावर बोट ठेवल्यावर भाषा आणि पडद्याचा प्रकार विचारला जातो. घाईत असलेला माणूस वर दिसेल तो पर्याय दाबतो आणि आपल्याला सोयीच्या वेळेकडे धाव घेतो. नेमके इथेच चुकते. ‘जपानी’ असे लिहिलेल्या खेळात मूळ जपानी आवाज असतात आणि खाली इंग्रजी सबटायटल्स येतात. ‘हिंदी’ आणि ‘इंग्रजी’ हे डब केलेले खेळ. सबटायटल्स हिंदीत मिळतील अशी अपेक्षा धरू नये. तिकीट पक्के झाल्यावर मोबाइलवर आलेल्या संदेशातही भाषा लिहिलेली असते. ती एकदा वाचून घ्यावी, म्हणजे सगळ्यांना घेऊन निघायच्या आधी निदान धक्का तरी बसून जातो.

कोणती भाषा घ्यावी, याचे उत्तर कोण बरोबर आहे यावर ठरवावे. दहा वर्षांपर्यंतचे मूल असेल तर हिंदी, यात शंका नको; इंग्रजी वाक्य वाचून होईपर्यंत ते पडद्यावरून गेलेले असते आणि मूल उरलेला वेळ आपल्या कानाशी ‘काय म्हणाला’ असे विचारत राहते, ज्याचा त्रास पुढच्या आणि मागच्या रांगेलाही होतो. ज्यांना वाचताना चष्मा बदलावा लागतो त्या ज्येष्ठांनाही हिंदीच बरी. ज्या पिढीने डोरेमॉन आणि शिनचॅन दूरचित्रवाणीवर हिंदीतूनच पाहिले, तिला हिंदी डब परका वाटत नाही. उलट लढाईच्या प्रसंगांत डोळे अक्षरांत न अडकता चित्रावर राहतात, हा हिंदीचा खरा फायदा आहे.

तरीही, एकट्याने किंवा वाचनाला सरावलेल्या सोबत्याबरोबर जात असाल तर जपानी खेळाचा आग्रह धरावा असे मी म्हणेन. शिनकाईंच्या चित्रपटांत पाऊस, रेल्वेचे फाटक, शाळेची घंटा यांच्या मधोमध एखादे वाक्य अगदी हलक्या आवाजात येते. डबमध्ये ते वाक्य ओठांच्या हालचालीला बसवताना लांबते आणि भोवतालची शांतता थोडी कमी होते. जिथे मारामारी मुख्य आहे तिथे हे फारसे जाणवत नाही. म्हणून माझा स्वतःचा नियम असा, की हाणामारीचा चित्रपट हिंदीत चालेल, पण प्रेमाचा आणि पावसाचा चित्रपट जपानीतच पाहावा.

मुलांना नेण्याआधी प्रमाणपत्र पाहावे

कार्टून म्हणजे लहान मुलांचे, हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे आणि तो इथे अडचणीत आणतो. शिनचॅनच्या चित्रपटाला आणि ‘चेनसॉ मॅन’ला एकाच मापाने मोजता येत नाही; दुसऱ्यात रक्तपात भरपूर आहे. सेन्सॉर मंडळाच्या २०२४च्या नियमांनी यूए या श्रेणीचे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग केले आहेत. हे आकडे पालकांना मार्ग दाखवण्यासाठी आहेत. त्या वयाखालच्या मुलाला न्यावे की नाही हे पालकांनीच ठरवायचे असते. ए प्रमाणपत्राचे मात्र तसे नाही. तिथे १८ वर्षांखालच्या मुलाला आईवडील बरोबर असले तरी आत सोडत नाहीत, आणि कोवळ्या चेहऱ्याच्या महाविद्यालयीन मुलांना दारावर ओळखपत्र दाखवावे लागते. भँवरकुआँ भागात शिकणाऱ्या मुलांनी आधार कार्डाची प्रत मोबाइलमध्ये ठेवलेली बरी.

शुक्रवारच्या आधीचा बुधवार

सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाट्यप्रयोगांना जाणाऱ्या इंदूरकराला सभासदांच्या गटानुसार ठरलेल्या तारखेची सवय असते. मल्टिप्लेक्सचा कारभार नेमका उलटा आहे. पुढच्या आठवड्यात कोणता चित्रपट किती खेळ चालवायचा हे बहुधा बुधवार-गुरुवारपर्यंत ठरत असते, आणि तोवर अ‍ॅपवर इंदूरच्या नावापुढे काहीच दिसत नाही किंवा एखादाच खेळ दिसतो. म्हणून प्रदर्शनाची तारीख कळली की अ‍ॅपमध्ये त्या चित्रपटाची सूचना चालू करून ठेवावी आणि बुधवारी संध्याकाळपासून रोज एकदा पाहावे. मोठ्या नावाच्या चित्रपटांचे आगाऊ बुकिंग त्याआधीच उघडते; तिथे पहिल्या दिवशी मागच्या रांगा भरून जातात.

पहिले तीन दिवस टाळून गर्दी ओसरल्यावर जाऊ, हा विचार अ‍ॅनिमेला लागू पडत नाही. शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर सोमवारपासून खेळ कमी होतात, आणि कमी होताना आधी जपानी भाषेचा खेळ जाण्याची भीती असते. जपानीत पाहायचा असेल तर पहिल्या रविवारच्या पुढे ढकलू नये. पहिल्या दिवशीचा गोंगाट नको असेल तर रविवारी सकाळचा खेळ धरावा. शुक्रवारी संध्याकाळी आवडते पात्र पडद्यावर आले की शिट्ट्या, टाळ्या आणि नावाचा गजर होतो. काहींना तो अर्धा आनंद वाटतो, काहींचे डोके उठते.

चित्रपटगृह, रांग आणि खर्च

इंदूरमध्ये चित्रपटगृहांनी चौकांना नावे दिली आहेत. रीगल चौराहा, मधुमिलन चौराहा ही नावे टॉकीजवरून आली आणि टिकली. अ‍ॅनिमे मात्र शोधायचा तो मॉलमधल्या मल्टिप्लेक्सच्या यादीत: एम. जी. रोडवरचे ट्रेजर आयलंड, विजयनगरच्या बाजूचे ए. बी. रोडवरचे मॉल, बायपासवरचे फिनिक्स. राजवाडा, रामबाग, लोकमान्यनगर या जुन्या वस्त्यांतून निघणाऱ्याला एम. जी. रोड जवळ पडतो. बायपासवरचा पडदा कितीही चांगला असला तरी रात्रीच्या खेळानंतर मुलांना घेऊन परतायचे अंतर हिशेबात धरावे.

आसन निवडताना सबटायटल्सचा विचार आधी करावा. अक्षरे पडद्याच्या अगदी तळाशी येतात आणि समोरच्या उंच माणसाचे डोके नेमके तिथेच आडवे येते. आपण उजवीकडे झुकलो की तोही झुकतो, हा अनुभव पुष्कळांचा असेल. उतार कमी असलेल्या पडद्यावर मधल्या रांगांपेक्षा मागून दुसरी-तिसरी रांग आणि तीही मध्यभागी घ्यावी. अगदी पुढे बसले तर वाचण्यासाठी मान खाली आणि चित्रासाठी वर, असे दोन अडीच तास करावे लागते. हिंदी खेळाला ही अडचण नाही. तिथे मधली कोणतीही रांग चालते.

खर्चाचे थोडक्यात सांगायचे तर, २२ सप्टेंबर २०२५पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. अ‍ॅपवरून काढल्यास त्यावर सुविधा शुल्क वेगळे पडते. चौघांचे तिकीट काढताना ते डोळ्यांत भरते, म्हणून घर जवळ असेल तर तिकीटखिडकीवर जाऊन काढावे. मंगळवारी स्वस्त तिकिटाची योजना असेल तर ती जरूर घ्यावी, फक्त मंगळवारपर्यंत खेळ उरला आहे ना हे पाहून.

त्या दिवशी

वेळेचे गणित घरीच करावे. ‘इन्फिनिटी कॅसल’ १५५ मिनिटांचा आहे. त्यावर सुरुवातीच्या जाहिराती आणि ट्रेलर वीस-पंचवीस मिनिटे, मध्यंतर पंधरा मिनिटे धरले तर रात्री पावणेदहाचा खेळ सुटायला एक वाजतो. चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर प्रमाणपत्र दिसते. त्यावर भाषा आणि कालावधी लिहिलेला असतो. चुकून दुसऱ्या भाषेच्या पडद्यावर येऊन बसला असाल तर ते कळण्याची ही शेवटची जागा. तेव्हा लगेच उठून दारावरच्या कर्मचाऱ्याला तिकीट दाखवावे.

बाहेरचे खाणे नेता येत नाही. ते अडवण्याचा अधिकार चित्रपटगृहाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र त्याच निकालात पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत द्यावे आणि तान्ह्या मुलाचे खाणे आणू द्यावे असेही आहे. पाण्याची जागा काउंटरजवळ नसली तर विचारावी. पॉपकॉर्नवर पैसे घालवण्यापेक्षा सकाळच्या खेळानंतर पोहे-जलेबी किंवा रात्रीच्या खेळानंतर सराफ्यातला खाऊबाजार, हा इंदूरकरांना वेगळा सांगावा लागणारा सल्ला नाही.

पात्रांचा वेश करून जाणाऱ्या मुलांनी हातातल्या खोट्या तलवारी घरीच ठेवाव्यात; मॉलच्या तपासणीत त्या अडवल्या जाण्याची शक्यता असते आणि मग पहिली दहा मिनिटे दारावर वाद घालण्यात जातात.

मध्यंतर हा आपल्याकडचा रिवाज आहे. जपानी दिग्दर्शकाने ते कल्पिलेले नसते, त्यामुळे ते कुठेही येते: वाक्याच्या मध्ये, वार उचललेला असताना. दिवे लागताच सगळे उठतात आणि परत येईपर्यंत तो वार पडूनही गेलेला असतो. ज्याला काही आणायचे आहे अशा एकालाच पाठवावे आणि बाकीच्यांनी बसून राहावे.

चित्रपट संपला तरी उठू नये. अ‍ॅनिमेत अखेरचे गाणे श्रेयनामावलीवर चालते, ते बहुधा हिंदी आवृत्तीतही जपानीच राहते, आणि काही चित्रपटांत नावे संपल्यावर एक छोटा प्रसंग असतो ज्यात पुढच्या कथेचा धागा ठेवलेला असतो. इथे आपल्याकडची घाई आडवी येते. नावे सुरू होताच निम्मे प्रेक्षक उठतात, मोबाइलचे दिवे लागतात, आणि दाराशी झाडू आणि काळ्या पिशव्या घेऊन सफाईचे दोघे-तिघे उभे असतात, ज्यांना पुढच्या खेळाआधी पंधरा मिनिटांत सगळ्या रांगा झाडायच्या असतात. त्यांच्याकडे पाहून संकोच वाटतो. तरीही बसून राहावे; पडदा पूर्ण काळा होईपर्यंत तिकीट आपलेच असते. जाताना आपला पॉपकॉर्नचा डबा आपणच उचलला तर त्यांचाही एक वाकण्याचा त्रास वाचतो.

आवडत्या प्रसंगाचे दहा सेकंद मोबाइलवर टिपून स्टेटसला लावण्याची पद्धत तरुणांत फार आहे. चित्रपटगृहात परवानगीशिवाय असे चित्रण करणे २०२३च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा ३ महिने ते ३ वर्षे कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड. तिकिटाचा किंवा बाहेरच्या पोस्टरचा फोटो लावून हौस भागवावी.

इंदूरमध्ये लागलाच नाही तर

असे होते. मुंबई-पुण्यात खेळ दिसतात आणि इंदूरच्या यादीत नाव नसते. अशा वेळी समाजमाध्यमांवर हळहळण्यापेक्षा मित्रमंडळींची मोजदाद करावी. मल्टिप्लेक्स गटासाठी खेळ देतात, आणि वितरकाकडे चित्रपट उपलब्ध असेल तर पुरेशा खुर्च्यांची हमी मिळाल्यावर व्यवस्थापक विचार करतो. त्याच्याशी बोलायला आठवड्याच्या मध्यात, दुपारच्या खेळाच्या वेळी जावे, कारण शुक्रवारी त्याला बोलायला फुरसत नसते. जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: चित्रपटाचे नाव, हवी असलेली भाषा, नक्की येणाऱ्या माणसांची संख्या आणि चालणारे दोन पर्यायी दिवस. ‘बघा, जमले तर लावा’ असे सांगितले तर काही हलत नाही. माणसांची संख्या आणि आगाऊ जमवलेले पैसे समोर ठेवले, तर निदान वितरकाला फोन तरी लावला जातो.